आमच्या फियाटचा ताप

मोटारीच्या दर्शनी पट्टीवर जे चार-दोन काटे असतात, त्यांत उष्णतेचा काटा सर्वांत मितभाषी. वेगाचा काटा सारखा नाचत असतो. पेट्रोलचा काटा महिनाअखेरच्या पगारासारखा खाली खाली जात असतो. पण उष्णतेचा काटा एकदा मध्यावर येऊन टेकला, की घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा जागचा हलत नाही. ‘कसं काय?’ म्हणून विचारावे तर ‘ठीक आहे’ एवढेच त्याचे उत्तर. आणि मग एखाद्या दिवशी घाटाच्या मध्यावर, मागून मालमोटारी भोंगे वाजवीत असताना, तो पाच मिनिटांत लाल खुणेवर जातो आणि बॉनेटखालून वाफेचे लोट उसळतात. माणूस म्हणतो, ‘अहो, आत्तापर्यंत तर सगळं ठीक होतं!’

सगळे ठीक होते की नुसते ठीक दिसत होते, हा या लेखाचा विषय आहे.

आमची गाडी म्हणजे वडिलांनी १९६७ साली घेतलेली फियाट अकराशे डिलाइट. त्या काळी गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. वडिलांनीही ती पाहिली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून ती घरी आली, तेव्हा आईने तिला ओवाळले होते. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, चाळीसएक अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला गिअर. पुढे हीच गाडी ‘प्रेसिडेंट’ झाली, मग ‘पद्मिनी’ झाली, काळ्या-पिवळ्या रंगात मुंबईची टॅक्सी झाली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून त्या टॅक्सीनेही निरोप घेतला. आमची मात्र पनवेलला दारात उभी आहे. वडील गेले, गाडी राहिली. मी ती रविवारी भाजीबाजारापर्यंत नेते आणि कापडाने पुसून पुन्हा जागेवर लावते.

२०२४ च्या जानेवारीत आईला घेऊन पुण्याला निघाले असताना बोरघाटात गाडी उकळली. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. दीड तास ती कठड्यापाशी सतरंजीवर बसून होती. मालमोटारींच्या धुराने तिला धाप लागली. शेवटी पुण्याहून दादा दुसरी गाडी घेऊन आला. त्याने आईला गाडीत बसवले, पाणी पाजले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, “ताई, आता पुरे. विकून टाक ही. लग्नाच्या वरातीला जुन्या गाड्या भाड्यानं देणारा माणूस आहे माझ्या ओळखीचा.”

त्याचे चुकले होते असे मी म्हणणार नाही. पण मे महिन्यात पुण्याला मावशीचे सहस्रचंद्रदर्शन होते. मावशी ही आईची थोरली बहीण, आणि पुणे हे आईचे माहेर. आईने मला एकटीला गाठून सांगितले, “मी जाईन तर ह्यांच्या गाडीतूनच जाईन. नाहीतर मेला घाटच नको मला.” आईचे ‘ह्यांच्या’ म्हणणे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना पुढचे सांगायला नको.

मग गाडीची प्रकृती दाखवायला मी निघाले. एका मिस्त्रींनी सांगितले, रेडिएटर नवा घाला. दुसरे म्हणाले, “बाई, हेडची पॅकिंग गेली, इंजिन उघडावं लागेल.” तिसऱ्यांचा उपाय सर्वांत स्वस्त. ते म्हणाले, थर्मोस्टॅट काढून फेकून द्या, गाडी थंड राहील. तीन वैद्य, तीन निदाने, आणि नाडी मात्र कोणीच पाहिलेली नाही! मी सारा जन्म शाळेत विज्ञान शिकवले. मोजल्याशिवाय सांगितलेली गोष्ट मला, पायऱ्या न दाखवता लिहिलेल्या उत्तरासारखी, अर्ध्या गुणांचीच वाटते.

आता मोजायचे म्हणजे काय मोजायचे, हे समजायला थोडे मागे जायला हवे. दिवाळीच्या पहाटे पेटणारा तांब्याचा बंब पुष्कळांनी पाहिला असेल. मध्ये विस्तव, भोवती पाणी. मोटारीचे इंजिन हा असाच एक बंब आहे. फरक एवढाच, की बंबात पाणी तापावे म्हणून विस्तव पेटवतात आणि इंजिनात विस्तवाने धातू वितळू नये म्हणून पाणी खेळवतात. जाळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेतला साधारण पाव हिस्साच चाकांच्या कामी येतो. तिसऱ्या हिश्शाच्या आसपास धुराड्यातून जातो आणि जवळजवळ तेवढाच भाग पाण्याच्या अंगावर येतो. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतचा चढ सुमारे पाचशे मीटरचा. नऊशेएक किलोची गाडी, तीत चार माणसे आणि त्यांचे सामान मिळून बाराशे किलो धरा. एवढे ओझे पाचशे मीटर वर न्यायला जे काम होते, तेवढ्या उष्णतेत वीस लिटर पाणी घडवंचीवरच्या हंड्यातून काढून थेट उकळीला आणता येईल. आणि निदान तेवढीच उष्णता चढाच्या पंधरा-वीस मिनिटांत इंजिन आपल्या पाण्याला देत असते. गाडीतले पाणी आहे चार-पाच लिटर. म्हणजे तेच ते पाणी पुनःपुन्हा तापायचे आणि पुनःपुन्हा निवायचे.

हे निववण्याचे काम रेडिएटरचे. पंप पाणी ढकलतो, ते इंजिनाच्या अंगातून फिरून वरच्या टाकीत येते, तिथून जाळीतल्या बारीक नळ्यांतून खाली उतरता उतरता वाऱ्याला आपली उष्णता देते आणि खालच्या टाकीतून पुन्हा इंजिनात जाते. ही जाळी सुचायला बराच काळ जावा लागला. १८८६ च्या कार्ल बेन्झच्या पहिल्या मोटारीत पाणी नुसते उकळून उडून जाई आणि इंजिन थंड राही. त्याच्या पत्नीने, बर्था बेन्झ यांनी, १८८८ च्या ऑगस्टमध्ये आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत शंभर किलोमीटरहून जरा अधिक मजल मारली. मोटारीचा जगातला पहिला लांबचा प्रवास तो हाच. वाटेत जिथे पाणी मिळेल तिथे थांबून त्यांना ते भरावे लागले. आणि त्या निघाल्या होत्या कुठे? आपल्या आईकडे! मोटारीचा पहिला लांबचा प्रवास माहेरचा होता आणि त्यातली मोठी अडचण पाण्याची होती, हे मी आईला सांगितले तेव्हा तिला मुळीच नवल वाटले नाही. “त्यात काय? बायका माहेरी निघाल्या की काहीतरी अडायचंच,” ती म्हणाली. पुढे १९०१ च्या मर्सिडीझ गाडीत विल्हेल्म मायबाख यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी हजारो बारीक नळ्यांची जाळी बसवली आणि थोड्या पाण्यात मोठे इंजिन निववण्याचा प्रश्न सुटला.

पण आपल्या काट्याचे काय? काट्याचा मितभाषीपणा समजायला थर्मोस्टॅट समजायला हवा. हा इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला दरवान. पाणी गार असेल तेव्हा दार बंद; ठरावीक उष्णता आली की दार किलकिले, आणखी वाढली की सताड. आमचा थर्मोस्टॅट मी काढून आणला आणि स्वयंपाकघरात पातेल्यात दोऱ्याने टांगून, शेजारी थर्मामीटर धरून, पाणी तापवले. ८२ अंशांवर त्याने डोळा किलकिला केला आणि ९३ वर तो पूर्ण उघडला. आई शेजारी उभी राहून बघत होती. “चहाचं आधण त्यातच ठेवू नकोस म्हणजे झालं,” एवढीच तिची सूचना.

आता गंमत पाहा. हा दरवान जोवर अर्धवट दारात उभा आहे, तोवर इंजिनाची उष्णता तोच ठरवतो. रेडिएटर नवा कोरा असला तर तो दार थोडे उघडेल, आणि निम्मा बुजलेला असला तर जास्त उघडेल. काटा दोन्ही वेळा मध्यावरच! रेडिएटर वर्षानुवर्षे बुजत जातो, दरवान दार आणखी आणखी उघडून ते झाकून घेतो, आणि काटा म्हणतो ‘ठीक आहे’. दार पूर्ण उघडले की मग मात्र झाकायला काही उरत नाही. तिथून पुढे बाहेरची हवा एक अंश तापली की पाणीही एक अंशाने तापते, आणि उकळी दूर नसते. म्हणून काटा स्थिर आहे याचा अर्थ तब्येत उत्तम आहे असा नव्हे. झाकायला अजून थोडी जागा शिल्लक आहे, एवढाच. ती जागा किती, ते काटा सांगत नाही. आणि थर्मोस्टॅट काढून टाकला तर? भाजीबाजारापर्यंतच्या फेरीत काटा खाली राहील, मन खूश होईल; पण इंजिन गारठलेलेच चालून झिजेल आणि घाटात फारसा उपयोग होणार नाही, कारण तिथे दार तसेही सताडच असते. दरवानाला काढून टाकल्याने घराचा दरवाजा काही रुंद होत नाही.

त्याच आठवड्यात आईला डॉक्टरांकडे नेले होते. घाटातल्या धापेची मला धास्ती होती. खुर्चीवर बसवून बोटाला चिमटा लावला तर प्राणवायू ९६. मला हायसे वाटले. पण डॉक्टर म्हणाले, “बसल्या जागी सगळ्यांचेच आकडे चांगले येतात.” त्यांनी आईला दवाखान्याच्या लांब पडवीत सहा मिनिटे चालायला लावले, किती अंतर चालली ते मोजले, आणि पुन्हा चिमटा लावला. या वेळी ९१. “हा आकडा खरा,” ते म्हणाले. “आता ह्यांना काय झेपेल ते बोलता येईल.” घरी येताना मला एकदम उमगले, की फियाटचेही असेच मोजायला हवे. दारात उभ्या गाडीचा ताप पाहून काय उपयोग? चढावर पाहायला हवा; आणि ताप किती यापेक्षा उकळीपर्यंत अंतर किती उरले, हे पाहायला हवे.

हे अंतर मोजण्याची रीत मोटारी बनवणाऱ्या अभियंत्यांनी केव्हाच ठरवली आहे, आणि ती बेरीज-वजाबाकीपलीकडची नाही. चढावर गाडी सारख्या वेगाने न्यायची, उष्णता वाढायची थांबली की वरच्या टाकीतल्या पाण्याचे तापमान घ्यायचे. पाणी ज्या अंशावर उकळेल त्यातून ते वजा करायचे. उरले ते अंतर. त्यात बाहेरच्या हवेचे तापमान मिळवायचे. जो आकडा येतो तो सांगतो, की बाहेरची हवा एवढी तापली की याच चढावर ही गाडी उकळेल. आमच्या घरात या आकड्याला ‘उकळीची हवा’ असे नाव पडले. दरवान पूर्ण उघडा असेल तेव्हाच हा हिशेब खरा. तो किलकिला असताना काढलेला आकडा फसवा.

पाणी किती अंशांवर उकळेल, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. फक्त ते तिला रेडिएटरच्या संदर्भात कोणी विचारलेले नसते. कुकरच्या शिट्टीचे जे काम, तेच रेडिएटरच्या झाकणाचे. आत दाब राखला की पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. आमच्या झाकणावर ७ हा आकडा होता, म्हणजे चौरस इंचाला सात पौंडांचा दाब. घाटाच्या माथ्याशी, हवा जरा विरळ असल्याने, उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांवर उकळते. या झाकणाखाली ते ११० पर्यंत तग धरते. बारा अंशांची ही पुंजी रबराच्या एका चकतीवर अवलंबून असते. (आणि म्हणूनच तापल्या गाडीचे झाकण कधीही उघडू नये. शिट्टी न काढता कुकर उघडण्यासारखेच ते.) आमचे झाकण हातपंपाच्या संचाला लावून पाहिले, तर काटा उठेचना. चकती वाळून चिरली होती. म्हणजे आमचा कुकर कितीतरी वर्षे बिनशिट्टीचा चालला होता! नवे झाकण आणले.

मग दुसऱ्या मिस्त्रींच्या निदानाची परीक्षा. हेडची पॅकिंग गेली असेल, तर जळलेला वायू पाण्यात शिरतो, आणि त्या वायूत कार्बन डायऑक्साइड असतो. ब्रोमोथायमॉल ब्ल्यू नावाचे निळे द्रावण त्या वायूने पिवळे पडते. आमच्या प्रयोगशाळेतली ही जुनी ओळख. इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रावणातून खेचली. पंधरा मिनिटे झाली, तरी निळे ते निळेच. इंजिन उघडण्याचा खर्च एका निळ्या रंगाने वाचवला.

मोजायची साधने महागडी नव्हती. टोकाला जोडलेल्या दोन धातूंच्या तारांवर चालणारा एक आकडे दाखवणारा मापक आणि त्याच्या तीन तारा. एक तार रेडिएटरच्या वरच्या मानेला, एक खालच्या मानेला, दोन्हींवर कापडाची जाड पट्टी गुंडाळून, म्हणजे वाऱ्याने खोटे आकडे येऊ नयेत. तिसरी जाळीच्या पुढे, सावलीत, बाहेरच्या हवेसाठी. तिन्ही तारा आधी बर्फात आणि मग उकळत्या पाण्यात बुडवून शून्य आणि शंभर बरोबर दाखवतात की नाही ते पाहिले. दुरून नेम धरून ताप सांगणारे एक पिस्तूल हल्ली सर्रास मिळते. शेजारच्यांनी ते आणून दिले. पण चकचकीत पितळेवर ते हमखास कमी ताप दाखवते. मापायच्या जागी काळा निस्तेज रंग फासला तरच त्याचे ऐकावे.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी पहिली परीक्षा. गाडी मी चालवणार, आकडे लिहायला शेजारचा अकरावीतला मुलगा. चार माणसांचे वजन हवे, म्हणून मागे गव्हाची पोती ठेवली. ती भरताना आईने विचारले, “माझ्या नावाचं पोतं कुठलं?” दाखवल्यावर तिने ते न्याहाळले आणि म्हणाली, “एवढी काही मी जड नाही.”

जुन्या रस्त्याने खोपोली सोडली. दुसरा गिअर, ताशी तीस किलोमीटर, अगदी सारखा वेग. शिंग्रोबाच्या देवळापाशी आकडे वाढायचे थांबले. बाहेरची हवा २६, वरची मान १०१, खालची ८४. गाडी उकळली नाही. दर्शनी पट्टीवरचा काटा मध्याच्या किंचित वर, म्हणजे ‘ठीक आहे’. पहिले मिस्त्री असते तर म्हणाले असते, झाकणाचाच दोष होता, आता निर्धास्त जा. पण ११० मधून १०१ गेले, अंतर उरले फक्त नऊ अंशांचे. त्यात २६ मिळवले, उकळीची हवा ३५. मे महिन्यात खोपोलीला दुपारी हवा ३८ च्या घरात सहज जाते. काटा ‘ठीक आहे’ म्हणत होता, आणि आकडा सांगत होता की मे महिन्यात आई पुन्हा कठड्यापाशी सतरंजीवर बसलेली असेल. जानेवारीचे कोडेही सुटले. पाणी हवेपेक्षा ७५ अंश वर जात होते. बिनदाबाच्या ९८ ला ते पोचायला बाहेर २३ अंशांची साधी गुलाबी हवासुद्धा पुरेशी होती.

पण दोष कुठे? तेही त्याच आकड्यांत होते. वरच्या आणि खालच्या मानेत १७ अंशांचा फरक. पहिल्याप्रथम वाटते, वा! रेडिएटरने पाणी सतरा अंश गार केले, म्हणजे तो उत्तम आहे. नेमके उलट. पाणी हळू चालले म्हणूनच ते एवढे निवले. इंजिनातून येणारी उष्णता ठरलेली आहे. ती थोड्या पाण्यावर लादली की प्रत्येक लिटरला ओझे जास्त. हाच फरक लहान असून गाडी तापत असती, तर दोष वाऱ्याकडे शोधावा लागला असता. पंखा, त्याचा सैल पट्टा, जाळीत अडकलेला कचरा यांच्याकडे. मोठा फरक म्हणजे दोष पाण्याच्या वाटेत. तो पंपात किंवा नळ्यांत.

हे आकडे घेऊन मी चौथ्या मिस्त्रींकडे गेले. वय सत्तरीचे, आयुष्य फियाटी दुरुस्त करण्यात गेलेले. त्यांनी कागद हातात घेतला नाही. “बाई, गाडी हाताला सांगते, कागदाला नाही,” म्हणाले. इंजिन गरम करून त्यांनी आपला तळहात जाळीवरून अगदी सावकाश फिरवला, आईने मुलाच्या अंगावरून फिरवावा तसा. मधोमध आणि उजव्या बाजूला दोन ठिकाणी ते थांबले. “इथे गार आहे. इथंही गार. ह्या नळ्यांतून पाणी जातच नाही.” मी काळा रंग फासून पिस्तूल रोखले. नेमक्या त्याच दोन जागा आसपासच्यापेक्षा वीसवीस अंशांनी थंड. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे पाहिले, आणि मग त्यांनी आपण होऊन तो कागद मागून घेतला.

दोष कोणाचाच नव्हता. सत्तावन्न वर्षांत वाटेवरच्या विहिरींचे, नळांचे, बोअरचे किती पाणी त्या जाळीने प्यायले असेल! प्रत्येकाने आपला थोडा थोडा क्षार मागे ठेवला, आणि त्यात इंजिनाच्या लोखंडाचा गंज मिसळला. मिस्त्रींनी वरच्या टाकीचा डाख सोडवून टाकी उतरवली आणि एकेका नळीतून पातळ सळई फिरवली. तांबूस-पांढऱ्या चिखलाने अर्धा डबा भरला. दोन नळ्या कायमच्या गेल्या होत्या, त्या बंद केल्या. टाकी पुन्हा डाखली, पाण्याखाली हवा भरून गळती पाहिली, पंख्याचा पट्टा ताणला. नवा रेडिएटर लागलाच नाही.

मार्चमध्ये दुसरी परीक्षा. तोच चढ, तोच वेग, तीच पोती. हवा २७, वरची मान ९४, खालची ८६. फरक सतराचा आठ झाला, म्हणजे जाळीतून दुपटीहून अधिक पाणी वाहू लागले. अंतर सोळा. उकळीची हवा ४३. दर्शनी पट्टीवरचा काटा? मध्यावर. एका जाडीचा फरक असेल-नसेल. पस्तीस आणि त्रेचाळीस यांच्यामधला तो सारा मे महिना त्या काट्याला एका रेघेइतकाच वाटत होता.

नंतर गंज धरू नये म्हणून पाण्यात ग्लायकॉलचे रंगीत मिश्रण घातले. ते उष्णता वाहायला साध्या पाण्याहून थोडे कमी, पण त्याने उकळी थोडी लांबते आणि जाळीचे रक्षण होते.

दादाला मी फोनवर आकडे सांगितले. तो हिशेबनीस माणूस; गाड्यांचे प्रेम नाही, पण आकड्यांचा मान ठेवतो. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, “दुपारी अडतीस असेल तर पाचच अंश उरतात, ताई.” मी म्हणाले, “म्हणून दुपारी निघायचंच नाही. पहाटे अठ्ठावीस असतं. पंधरा उरतात.” पुन्हा थोडा वेळ गेला. “आणि आईचे?” त्याने विचारले. मी सांगितले, डॉक्टरांनी औषध बदलले आहे, सहा मिनिटांच्या चालीनंतरचा आकडा आता ९४ आहे, आणि वाटेत दोनदा थांबायचे ठरले आहे. गाडी विकण्याचा विषय त्या दिवसापुरता तरी तिथेच मिटला. आईला गाडीतून न्यावे की नाही, हा आमच्या घरात तोवर भावनेचा प्रश्न होता आणि त्यावरून आम्ही भावंडे चार महिने एकमेकांशी तुटक बोलत होतो. आकडे समोर आल्यावर तो वेळेचा प्रश्न झाला. भावनेच्या प्रश्नावर दोघांपैकी एकाला हरावे लागते. वेळेच्या प्रश्नावर दोघांना गजर लावावा लागतो.

मेच्या पहिल्या आठवड्यात पहाटे पाचला आम्ही निघालो. आई पुढच्या सीटवर, मांडीवर मावशीसाठी घेतलेले लुगडे. घाटात हवा २८ होती. माझ्या हिशेबाने वरची मान ९५ व्हायला हवी होती, झाली ९६. शिंग्रोबापाशी मी गाडी बाजूला घेतली, आणि तापलेले इंजिन एकदम बंद केले तर साठलेली उष्णता पाण्याला उकळी फोडते म्हणून दोन मिनिटे ते तसेच चालू ठेवले. साहेबाला घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून शिंग्रोबाची कथा सांगतात. जुने मोटारवाले इथे नाणे टाकत आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतत. आईने बटव्यातून नाणे काढून माझ्या हातात दिले. मी तिच्या बोटाला चिमटा लावला. ९५.

“माझं काय बघतेस? मी ठीक आहे,” ती म्हणाली.

ती ठीक आहे हे ती गेली पन्नास वर्षे सांगत आली आहे. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते खरे असल्याचे माहीत होते. पाणी ओतावे लागले नाही. नाणे टाकले, आणि आम्ही पुढचा चढ चढू लागलो.